न हलणारी जागा

ग्रंथालयात आल्यावर सर आधी पुस्तक मागत नसत. टेबलावर तळहात उपडा ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "हलतंय की हो, मॅडम."

मला काहीच जाणवत नसे. तुम्हालाही जाणवलं नसतं. बाहेरच्या रस्त्यावरून एखादा ट्रक गेलेला असे, इतकंच.

सर आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत, मी ग्रंथपाल. त्यांना हवे ते शोधनिबंध मी मिळवून देई आणि ते मला कळेल अशा भाषेत आपलं काम सांगत. केसाच्या जाडीहून कितीतरी पटींनी बारीक काचेचे मणी पाण्यात कालवायचे. त्यात काचेची एक पट्टी उभी करायची. पाणी सावकाश उडत जातं तसे मणी पट्टीवर रचले जातात, फळवाल्याच्या मोसंब्यांसारखे, खालच्या थराच्या खळग्यात वरचा मणी. रचना नीट झाली, तर प्रकाशातला एक रंग तिच्यात शिरूच शकत नाही. तो माघारी फिरतो आणि पट्टी हिरवी दिसते. "प्रकाशाला दार बंद," सर म्हणत.

पण वाळताना तडे जात. दर वेळी. तडा गेला की तिथून प्रकाश निसटणार, म्हणजे सगळं वाया. नखाएवढा का होईना, एक अखंड तुकडा त्यांना हवा होता. त्यावाचून त्यांचा प्रबंध अडून बसला होता आणि पुढेपुढे त्याबद्दल विचारणंही लोकांनी सोडून दिलं.

कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होई, आणि पट्टी तर दिवसचे दिवस उबेत उभी राहायला हवी. म्हणून हे काम भवानी पेठेतल्या घरी, मागच्या खोलीत चाले. पुढच्या खोलीत थोरल्या भावाचे टॉवेलचे यंत्रमाग होते. भावाला घरात आणि गल्लीत सगळेच अन्ना म्हणत.

एकदा मी मासिकं द्यायला गेले, तेव्हा अन्ना पट्टी उजेडात धरून बघत होते.

"रंग कुटं घातलास ह्यात?"

"घातलाच नाही, अन्ना."

"मग धुतल्यावर जाणार कसा? असला पक्का रंग मला दे की लेका. गिऱ्हाईकाची कटकट तरी मिटंल."

सर मोठ्याने हसले. मग हळूच म्हणाले, "तडे मागांमुळं जातायत. सुट्टीचा एक दिवस पुरत नाही. चार दिवस बंद ठेव की."

"तुझ्या काचेपायी? आन् टावेल काय तुझे मणी विणणार?"

सरांनी जमिनीवर तळहात ठेवला. या वेळी मलाही ती थरथर पायांतून कळत होती.

नंतरच्या वर्षांत ते "हलतंय" म्हणेनासे झाले. टेबलावर हात ठेवत आणि लगेच उचलत. मी नवे अंक पुढे केले की म्हणत, "राहू द्या, मॅडम. तिकडं परदेशात लोकांचं झालंय सगळं." तरी घरी जाऊन नवी पट्टी उभी करतच होते.

एके सकाळी कॉलेजला निघताना बूट घालायला ते पायरीवर बसले आणि तिथेच गेले.

मी भेटायला गेले तेव्हा घर ओळखू येईना. घरातले माग बंद होतेच. शेजारच्यांनीही दिवसकार्य होईपर्यंत आपले थांबवले होते. त्या गल्लीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. अन्ना मला मागच्या खोलीत घेऊन गेले.

"आदल्या दिवशी मागांना सुट्टी हुती, तवा त्यानं उभी केलेली हाय. तवापास्नं माग चाललेच न्हाईत. मी हात लावला न्हाय. आता पाणी उडालंय. बघा की, मॅडम, तुमाला कळतं."

मी पट्टी खिडकीशी नेली. ती हिरवी होती, सुंदर हिरवी. मग थोडी तिरकी धरली. आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखे बारीक तडे या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरले होते.

"आली का नीट?"

मला खोटं बोलता आलं नाही. "नाही, अन्ना. तडे आहेत."

"म्हंजे मागांचं न्हवतं."

"नव्हतं."

"मग कशाचं हुतं?"

ते सांगू शकणारा एकच माणूस आमच्या ओळखीचा होता. अन्ना खाली बसले. फरशीवर त्यांनी तळहात उपडा ठेवला, अगदी सरांसारखा. जमीन हलत नव्हती. तरी कितीतरी वेळ त्यांनी हात उचलला नाही.