नुसता हुंकार
ड्रॉवर आवरताना जुना हेडसेट सापडला. कानांवरच्या स्पंजचा हात लावताच काळा भुगा झाला आणि अमेरिकेतल्या पिस्कॅटवेमधली हिवाळ्यातली एक दुपार आठवली. मी तिथे सोशल वर्क शिकत होते. समोरचं माणूस बोलताना मी सारखी ‘हं, हं’ करते, हे आमच्या प्रोफेसरबाईंना खटकायचं. “नुसती मान हलव,” त्या म्हणायच्या. मला राग यायचा. आमच्याकडे ऐकणाऱ्याने हुंकार दिला नाही, तर सांगणारा गप्प होतो. त्या दिवशी बर्फामुळे क्लास ऑनलाइन झाला. व्हिडिओ नव्हता, फक्त आवाज. सरावासाठी माझ्याहून बरीच मोठी एक क्लासमेट क्लायंट झाली होती, मी सोशल वर्कर. ती खोटीखोटी अडचण सांगत होती आणि मी किचन टेबलाशी बसून इमानेइतबारे मान हलवत होते. बोलता बोलता तिचा आवाज बदलला. “माझा मुलगा इराकच्या लढाईवरून परत आलाय, पण घरात कुणाशी बोलतच नाही,” ती म्हणाली आणि थांबली. मी मान हलवली. जरा वेळाने तिने घाबरून विचारलं, “आर यू देअर?” शिकवलेलं सगळं विसरून माझ्या तोंडून निघालं, “हं.” तेवढ्यावर ती पुढे बोलू लागली, आणि तास संपेपर्यंत मला कुणी टोकलं नाही. हल्ली नागपूरहून आई फोनवर काही बोलत नाही. मी कोण, हेही तिला कळत नसावं. मी आपली दिवसभराचं सांगते आणि मध्येच थांबते. कधीतरी पलीकडून ‘हं’ ऐकू येतं. मग मी पुढचं सांगते.