स्थळाचा क्रेडिट रिपोर्ट

माझं लग्न ठरवताना बाबांनी मुलाची पत्रिका मागितली नाही. त्यांनी क्रेडिट रिपोर्ट मागितला.

बाबांची सगळी नोकरी ओटावातल्या एका बँकेच्या कर्जविभागात गेली. चेहऱ्यावरून माणूस ओळखता येत नाही, असं ते सांगतात आणि वर अभिमानाने सांगतात. तो बिलं वेळेवर भरतो का तेवढं कळू द्या, बाकीचा माणूस मी तुम्हाला सांगतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. माझ्या पहिल्या बॉयफ्रेंडला त्यांनी पुरी वाढता वाढता विचारलं होतं, कार्डाच्या लिमिटपैकी किती वापरतोस. त्या मुलाने वाटीतलं श्रीखंड संपवलं आणि नंतर कधी आमच्या घराकडे फिरकला नाही.

हा दुसरा मात्र वेगळा होता. मूळचा नागपूरचा, आता वॉटर्लूत एका सॉफ्टवेअर कंपनीत. स्वतःचा विनोद पूर्ण व्हायच्या आत स्वतःच हसायला लागणारा. माणूस हसतोय म्हणून आपण हसायचं आणि विनोद नंतर कळला तर कळला. मला त्याच्याशीच लग्न करायचं होतं, आणि बाबांचं मन मोडून करायचं नव्हतं. बत्तीस वर्षांची झाले तरी माझं हे असं होतं. त्याने रिपोर्ट लगेच पाठवला. स्कोअर असा की बाबा जेवता जेवता दोनदा 'वा' म्हणाले. मग त्यांनी खाली स्क्रोल केलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"कलेक्शन आहे," ते म्हणाले. आमच्या घरात हा शब्द पोलीस केस असल्यासारखा उच्चारतात.

न भरलेलं एक बिल वसुली कंपनीकडे गेलं होतं. रिपोर्टावर त्या कंपनीचं नाव होतं, जेमतेम एका जेवणाच्या खर्चाएवढी रक्कम होती आणि पुढे एकच शब्द होता, मेडिकल.

"म्हणजे काय झालंय त्याला?" आईने विचारलं.

"ते लिहीत नाहीत. प्रायव्हसी असते. मेडिकल आहे एवढंच कळतं."

"लिहीत नाहीत म्हणजे लिहिण्यासारखं नसणार," आई म्हणाली आणि कामाला लागली.

पुढचा आठवडा आईने निदानात घालवला. मागच्या वेळी घरी आला तेव्हा त्याने वरणभात दोनदा घेतला होता, म्हणजे डायबेटिस. तिसऱ्यांदा नको म्हणाला, म्हणजे पोटाचं काहीतरी. वॉशरूमला गेला होता, म्हणजे किडनी. मी म्हटलं, आई, तो चार तास थांबला होता, वॉशरूमला गेला नसता तर खरी काळजी करायची. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, चक्कर आली होती एकदा. अँब्युलन्स आली, तिचं बिल. तोवर मी ते भाड्याचं जुनं बेसमेंट सोडलं होतं, बिल तिथेच गेलं असणार. मला तर आत्ता कळतंय."

"चक्कर कशाने?"

"उपाशी होतो जी." आणि त्याने विषय बदलला. हा माणूस कधी विषय बदलत नाही, त्यामुळे मलाच धास्ती बसली.

बाबांनी त्याला समोर बोलावलं. बिचारा भर बर्फात गाडी चालवत वॉटर्लूहून ओटावाला आला, तेही संत्राबर्फी घेऊन. सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच आईने विचारलं, "फिट येते का रे तुला?"

"नाही काकू."

"घरात कोणाला?"

"नाही. काका, मी बिल भरून टाकलंय."

"भरलंस ते बरं केलंस. पण भरलं तरी ते कलेक्शन पेड म्हणून काही वर्षं दिसत राहतं," बाबा म्हणाले. "आणि मला पैशाचं काही नाही. मला मुलगी द्यायची आहे. हॉस्पिटलचा रिपोर्ट असेल ना ऑनलाइन?"

"आहे. पण काका, राहू द्या ना."

"का राहू दे?"

त्याने एकदा बाबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आईने पदर तोंडाला लावला, म्हणजे तिने कॅन्सरवर शिक्कामोर्तब केलं होतं. माझं डोकं सटकलं. एवढं मोठं काही असेल तर ते मला आधी कळायला नको? मी म्हटलं, फोन दे इकडे. त्याने नाइलाजाने रिपोर्ट उघडून फोन माझ्या हातात दिला आणि मी मोठ्याने वाचायला लागले. तपासण्या सगळ्या नॉर्मल. शुद्ध हरपण्याचं कारण, दिवसभराचा उपास आणि डोक्याला अतिशय घट्ट गुंडाळलेलं कापड.

"कसलं कापड?" बाबांनी विचारलं.

"फेटा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "गणपतीची मिरवणूक होती. मी ढोल वाजवत होतो."

"कुठे?"

"इथेच. ओटावात नवीन होतो तेव्हा."

आईने पदर खाली केला. "बांधला कोणी होता?"

"आठवत नाही काकू."

ओटावाच्या मंडळात फेटा बांधणारा माणूस एकच. दुसऱ्या कोणी कापडाला हात लावलेला त्याला खपत नाही. आणि त्या मिरवणुकीची गोष्ट आम्ही इतक्या पार्ट्यांमध्ये ऐकली होती की आईला ती पाठ होती. कोणी एक गुलालाने माखलेला पोरगा ढोलासकट कोसळला. हल्लीची पोरं कच्ची. पण फेटा, बाबा बोट वर करून सांगायचे, मी बांधलेला फेटा सुटला नाही. पॅरामेडिकला कात्रीने कापावा लागला.

आईने फक्त बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि उठून बेसमेंटमध्ये त्यांच्या कॉम्प्युटरकडे निघून गेले.

"तुला ठाऊक होतं?" मी त्याला विचारलं.

"पहिल्या दिवशीच ओळखलं मी काकांना. फेटा बांधताना त्यांनी कपाळावर गुडघा टेकवला होता माझ्या, विसरतो कसा? पण ते ती गोष्ट किती खुशीत सांगतात. मी कशाला सांगू की तो पोरगा मी?"

आई याला कॅन्सरचा रोगी समजत होती आणि हा बाबांची गोष्ट जपत बसला होता, म्हणून मला त्याचा रागही आला आणि त्याच्यावर इतका जीव जडला की मी संत्राबर्फीचे दोन तुकडे एकदम तोंडात कोंबले. पण बाबा वर येत नव्हते. मी आजवर त्यांना चूक कबूल करताना पाहिलेलं नाही. रस्ता चुकले तरी ते रस्त्याला दोष देतात. मला वाटलं, संपलं. स्वतःचा असा पचका ज्याने पाहिला, त्याला जावई म्हणून ते रोज समोर कसं चालवून घेतील?

बऱ्याच वेळाने खालून हाक आली. त्याला नव्हे, आम्हा दोघांना. बाबांनी एक कागद प्रिंट केला होता. क्रेडिट रिपोर्टावर आपलं म्हणणं थोडक्या शब्दांत जोडायची सोय असते, ते म्हणाले. पुढे कोणी बँकवाला मेडिकल वाचून भलतंच समजायला नको. इंग्रजी त्यांच्या नेहमीच्या बँकेच्या थाटातलं होतं. मराठीत साधारण असं:

'सदर व्यक्तीची प्रकृती उत्तम आहे. सदर रक्कम अँब्युलन्सची असून फेटा प्रमाणाबाहेर घट्ट बांधल्याने तो प्रसंग उद्भवला. फेटा बांधणारे गृहस्थ सदर व्यक्तीचे होणारे सासरे असून चूक सर्वस्वी त्यांची आहे.'

मी शेवटचं वाक्य परत वाचलं आणि मला रडू फुटलं. तो कागद हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला, मग 'होणारे सासरे' त्याच्या लक्षात आले आणि तो बाबांच्या पाया पडायला वाकला.

बाबांनी त्याला मध्येच धरलं आणि पेन पुढे केलं. "आधी सही कर," ते म्हणाले.