काचवाले धर्मादादा

धर्मादादा काचेचं माप घेण्याआधी एकच प्रश्न विचारायचे, "कशानं फुटली?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्यांच्या खिशातली टेप बाहेर यायची नाही. कुणी घाईत असलं, "तुम्हाला काय करायचंय, काच बसवा ना" म्हणालं, तरी ते रागवायचे नाहीत. खिडकीपाशी नुसते उभे राहायचे. शेवटी समोरचाच ओशाळून सांगून टाकायचा. "चेंडूनं फुटली तर तशीच काच पुन्ना बसवायची," ते मला एकदा म्हणाले होते. "पोरं मोठी होतात, खेल सुटतो. वाऱ्यानं फुटली तर काचंचा दोष नाय, झडप ढिली आसते. पन मानसानं फोडली तर जरा टेकावं लागतं ताई. तिथं नुसती काच बसवून भागत नाय."

माणिकपूरच्या बाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे भिंतीला टेकून उभ्या केलेल्या काचा, गोधडी अंथरलेलं एक लाकडी टेबल आणि एक स्टूल. स्वतः धर्मादादा ठेंगणे, काटकुळे. हातावर जुन्या जखमांच्या बारीक पांढऱ्या रेघा. मूळचे जूचंद्रचे. वडील मिठागरावर कामाला होते आणि दादाही दहा-बारा वर्षांचे असल्यापासून त्यांच्याबरोबर उन्हात उभे राहिलेले. "मिठावरचं ऊन बगून बगून डोले तयार झाले," असं ते सांगायचे. "काचंची चमक मला लागत नाय." जुन्या चादरीत गुंडाळलेली काच काखेत धरून ते बाजारातून निघाले की कुणी हाक मारली तरी मान वळवायचे नाहीत. काच पोचवून झाली की त्याच माणसाकडे परत जाऊन विचारायचे, "मगाशी काय बोलत होतास?"

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते आईमुळे.

बाबा गेल्यानंतर वर्षभरात आईचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माणसं. मी शाळेच्या ऑफिसातली नोकरी मुदतीआधी सोडून घरी राहिले, कारण आमच्या घरात आम्ही दोघीच. दिवसा आई शांत असायची. दिवेलागण झाली, आत दिवा लागला आणि बाहेर अंधारलं, की हॉलच्या मोठ्या खिडकीच्या काचेत तिचं तिलाच प्रतिबिंब दिसायचं. ते तिचं आहे हे तिला कळत नसे. "अगो, बाहेर बघ कोण उभी आहे," ती मला म्हणायची. "किती वाळली आहे बिचारी. आत घे तिला." आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. तिथं बाहेर कोण उभं राहणार, हे मी पहिले काही दिवस तिला समजावत राहिले. नंतर समजावणं सोडलं. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असताना तिला खिडकीची कडी उघडेना. बाहेरची बाई ताटकळली आहे असं वाटून तिने हातातल्या तांब्यानेच काच फोडली. तळहाताला पाच टाके पडले.

दुसऱ्या दिवशी धर्मादादा आले. चौकटीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "कशानं फुटली?" त्यांनी वाकून ग्रिलमध्ये बघितलं.

"काचा भायेर सांडल्यात," ते हळूच म्हणाले. "आतनं मारलंय कोनीतरी."

आई पलीकडे खुर्चीत बसली होती, हाताला बँडेज. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि आणखी काही विचारलं नाही. माझ्याच तोंडून मग सगळं निघालं. किती महिन्यांनी मी कुणाला तरी ते सांगत होते! ते स्टुलावर बसून ऐकत राहिले. बोलून झाल्यावर मीच म्हणाले, "दादा, इथे दुधी काच बसवा. बाथरूमला असते तशी. म्हणजे तिला काही दिसणारच नाही."

"हॉलला दुधी? अंधार वाटंल ताई."

"वाटू दे."

"बगा इचार करून," ते म्हणाले. पण मी विचार करून बसले होते. माप घेऊन ते गेले, संध्याकाळच्या आत काच बसवली, पट्ट्या ठोकल्या, खाली पडलेली पुटी ओल्या फडक्याने पुसून घेतली आणि निघताना नेहमीचं वाक्य म्हणाले, "आठ दिवसांनी बगून जाईन."

ती पहिली संध्याकाळ मला अजून आठवते, कारण मी किती खूश होते! दिवा लावला. काच नुसती पांढरी, गप्प. आई खिडकीशी गेली, काचेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आज ती आली नाही." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने ताट खिडकीशी नेलं आणि मांडीवर घेऊन बसून राहिली. "ती जेवल्याशिवाय मी कशी जेवू?" म्हणाली. मला आता कळतं, की रोज संध्याकाळी ती ताट घेऊन खिडकीशी बसायची ती त्या बाईला सोबत म्हणून. आई घास उचलायची तेव्हा तीही उचलायची. आई हसली की ती हसायची. मी दिवसभर "आई औषध, आई आंघोळ, आई तिकडे नको" एवढंच बोलत होते. तिच्याशी गप्पा मारणारं त्या घरात तेवढं एकच माणूस होतं, आणि ते मी पांढऱ्या काचेने पुसून टाकलं होतं.

हे मला आज इतकं स्पष्ट सांगता येतं. तेव्हा मी फक्त चिडत होते. भरवायला गेले की ती तोंड मिटून घ्यायची आणि मी ताट आपटायची.

आठ दिवसांनी धर्मादादा आले ते नेमके दिवेलागणीला. आई ताट मांडीवर घेऊन बसलेली. भात वाळलेला. ते तिच्यापुढे खाली जमिनीवर बसले.

"आई, कोनाची वाट बगता?"

"तिची रे भाऊ. कुठे गेली कोण जाणे. कुणी हाकललं तर नाही ना तिला?"

धर्मादादा उठले, पट्टीला हातसुद्धा न लावता जिना उतरून निघून गेले. मला वाटलं, कंटाळले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते काखेत चादरीची गुंडाळी घेऊन दारात उभे.

"साधी आनलीय," ते म्हणाले. "पन जाड. आतनं फिल्म लावतो, म्हंजे फुटली तरी सांडनार नाय. कडी बी सोपी करून देतो. झडप उघडली तरी भायेर ग्रिल हाय."

मी म्हणाले, "दादा, मीच सांगितलं होतं ना दुधी बसवा म्हणून? मोठ्या मुश्किलीने तिचं ते वेड थांबलंय."

ते दुधी काचेच्या पट्ट्या काढायला लागले होते. हात न थांबवता, माझ्याकडे न बघता ते बोलू लागले. त्यांची मुलगी कविता बारावीत असताना तापाने चार दिवसांत गेली. तिच्या फोटोला फ्रेम दादांनीच केली, काच त्यांनीच कापली. त्यांची बायको लक्ष्मी रोज सकाळी त्या फोटोपुढे बसायची. "काचंवरनं फनी फिरवायची," दादा म्हणाले. "येनी घालते बोलायची. कालेजची येल झाली बोलायची. भावकीतले मला बोलले, धर्मा, बाईला येड लागंल, फोटो काढ. मी काढला. चादरीत बांधून माल्यावर ठेवला. चांगल्यासाटीच काढला, ताई."

"मग?"

"मग काय. ती रडली नाय. भांडली पन नाय. भांडली आसती तर मी लगेच परत लावला आसता. ती गप झाली. जेवन कमी कमी होत गेलं. पुढच्या होलीच्या आत गेली." त्यांनी शेवटचा खिळा काढून तळहातावर घेतला. "मी आजून फोटो खाली काढला नाय. कोनासाटी काढू?"

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

काम संपलं तरी त्या दिवशी ते थांबले. अंधार पडायला लागल्यावर त्यांनीच दिवा लावायला सांगितला. आई आतून हळूहळू चालत आली. खिडकीशी पोचली आणि थबकली. मग तिने दोन्ही हात काचेवर ठेवले.

"आलीस?" आई म्हणाली. "कुठे होतीस गो इतके दिवस? किती वाट बघायला लावलीस!"

त्या संध्याकाळी आई दोन वाट्या वरणभात जेवली. प्रत्येक घासाला समोर बघून "हं, घे" म्हणत होती. मी धर्मादादांना चहाचं विचारायला वळले तर ते दाराशी भिंतीकडे तोंड करून उभे होते. चपला पायात घालताना ते तीनदा चुकले. चहा न घेताच गेले.

त्यानंतर ते अधूनमधून येत राहिले. काच हे निमित्त. नंदाखालला कुणाच्या खिडक्यांचं काम असलं की येताना तिथली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, आईसाठी घेऊन यायचे. आई त्यांना आपला धाकटा भाऊ समजायची आणि "शाळेत गेलास का रे?" असं विचारायची. "गेलतो. गुर्जींनी शाबासकी दिली," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. मी एकदा त्यांना म्हणाले, "तुमचं बघून मी पण आता तिला हो ला हो म्हणायला शिकले." ते म्हणाले, "हो बोलायला काय लागतं? ती जिथं उबी हाय तिथं जाऊन बोलायचं. तिला आपल्याकडं वढायची नाय. तिचे पाय दुखतात." मी आईजवळ संध्याकाळी बसायला लागले ते तेव्हापासून. आई, मी आणि काचेपलीकडच्या त्या दोघी.

पावणेदोन वर्षं अशी मिळाली. मग एका सकाळी आई उठली नाही.

मी सगळ्यांना कळवलं. शाळेत, नातेवाइकांना, बिल्डिंगच्या ग्रुपवर. धर्मादादांना कळवलं नाही. फोन हातात घेतला की त्यांचं नाव पुढे यायचं आणि मी तो खाली ठेवायची. का, ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच वाटायचं, की जगात एक माणूस असा आहे ज्याच्या लेखी आई अजून खिडकीशी बसलेली आहे. त्याला सांगितलं की ती तिथूनही उठणार. बाजारात जाताना मी त्यांच्या दुकानाचा बोळ टाळायला लागले. महिने गेले, का कोण जाणे तेही फिरकले नाहीत, वर्ष उलटलं, आणि मग सांगायची लाज वाटायला लागली.

एक दिवस धीर करून बोळात गेले तर शटर बंद. फोन लावला तो त्यांच्या थोरल्या बहिणीने, जनाबाईंनी उचलला. दादा दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं, दोनदा काढलं होतं.

आज सांगायचंच, असं ठरवून मी गेले. धर्मादादा उशीला टेकून बसले होते, निम्मे झालेले. पायथ्याशी जनाबाई. मला बघताच म्हणाले, "ताई! आई कशी हाय?"

"बरी आहे," मी म्हणाले.

शब्द बाहेर पडला आणि मग मागे घेता येईना. "आज सकाली काय खाल्लं?" त्यांनी विचारलं. पेज खाल्ली, मी सांगितलं, मेतकूट घालून. "ती बाई येते का?" येते की. काल आईने तिला स्वतःची शाल दाखवली. "मग?" मग ती पण शाल दाखवायला लागली, तर आई म्हणते कशी, माझ्यासारखीच घेतलीस होय गो! धर्मादादा डोळे मिटून ऐकत होते आणि मी थांबले की "मग?" म्हणत होते. मी अर्धा तास बोलत राहिले. आईचं केस विंचरू न देणं, ब्लाउजची बटणं उलटी लावणं, मधेच एखादी ओवी सबंध आठवणं. घडून गेलेलं सगळं मी आज घडल्यासारखं सांगत होते. सांगताना मी हसलेसुद्धा.

नर्स आली तेव्हा उठले. ते म्हणाले, "परत या. आजून सांगा."

तीन दिवसांनी जायचं ठरवलं होतं. आदल्या दिवशी दुपारी ते गेले. मला समजलं तोवर सगळं उरकलं होतं.

दहाव्याच्या आधी मी जूचंद्रला त्यांच्या घरी गेले. जनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि आधी तेच बोलले, जे मनात घट्ट होऊन बसलं होतं. "मी त्यांना खोटं सांगितलं हो. आई जाऊन वर्ष होऊन गेलं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

जनाबाईंचे हात सुपात थांबले.

"त्याला ठावं होतं, ताई," त्या म्हणाल्या. "तुमच्या बिल्डिंगीत खाली कोनाची काच बसवायला गेलता तवा वाचमननं सांगितलं. जिना चढून तुमच्या दारापरेंत गेलता. कडी वाजवली नाय. घरी येऊन मला बोलला, तिनं मला कलवलं नाय म्हंजे तिला आजून बोलवत नसंल."

"मग त्या दिवशी मला आईचं का विचारलं त्यांनी?"

"मी बी त्याला तेच बोलली. तुम्ही गेल्यावर रागावली त्याच्यावर, की बाईला खोटं कशाला बोलाया लावलंस? तर बोलला, बाय, तिचं तोंड बगितलंस का? किती दिसांनी आईजवल बसून आली ती. बसू दे की."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आई गेली तेव्हा लोकांचं करण्यात, फोन घेण्यात माझं रडणं राहून गेलं होतं. ते त्या परक्या ओट्यावर भरदुपारी आलं, आवाज आवरेना इतकं आलं. शेजारची दोन माणसं दारात येऊन बघायला लागली. जनाबाईंनी त्यांना हाताने जा म्हणून खुणावलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. उगी म्हणून काही म्हणाल्या नाहीत.