डोक्याकडे जाणारा हात

लांब पल्ल्याची शर्यत जिंकून आलो की मंठ्यात माझा सत्कार ठरलेला. शाल, नारळ, आणि प्रत्येक वक्त्याच्या तोंडी एकच वाक्य: यांनी आता समाजासाठी काहीतरी करावं. इतक्यांदा ऐकल्यावर मलाही ते पटलं. मंग गावाबाहेरच्या मैदानावर पोलीस भरतीच्या पोरींना सकाळी फुकट पळायला शिकवू लागलो.

गंमत अशी, की भरतीत त्यांना पळायचं असतं आठशे मीटर. माझं तर अंग तापायलाच दुसऱ्या गावाची शीव लागते. आयुष्यभर दमानं पळून नाव कमावलेला मी पोरींना वेग शिकवत होतो. पण गळ्यात शिट्टी असली की कुणी शंका घेत नाही.

त्यात गावातली एक सून होती. मागच्या भरतीत थोडक्यात हुकलेली, आणि वयाच्या अटीत आता ही एकच भरती बसत होती. पाय असे, की माझ्या मेडलांना लाज वाटावी. तरी वेळ काही बसेना. मी तिचा श्वास बदलला, बूट बदलले, खाणं बदललं. मोड आलेली मटकी खाऊन खाऊन बिचारी वैतागली.

एकदा बायको माझा डबा घेऊन मैदानावर आली. जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, घड्याळ काय बघून राह्यले? तिचा हात बघा."

बघितला. मैदानाच्या वळणावर गावातली म्हातारी माणसं उन्हाला बसतात. ती तिथं पोचली की मान खाली, पाऊल आखूड, आणि उजवा हात डोक्याकडे. अंगात टी-शर्ट, डोक्यावर पदर ना ओढणी, तरी हात पदर शोधायचा. गावची सून थोरांसमोरून तशीच जाते. आणि भरतीच्या मैदानावर तर वळणावर साहेब लोक खुर्च्या टाकून बसलेले असतात. मागची भरती कुठं हुकली ते मला तेव्हा कळलं. महिनोन्महिने मी शेजारी उभा होतो, आणि लोक मला जाणकार म्हणत होते.

"हात वर नेऊ नको," मी म्हणालो.

"सर, मी कुठं नेते? तोच जातो," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मंग मी तिच्या सासऱ्याकडे गेलो. वाटेत बाईमाणसाच्या हक्कांवर मोठं भाषण जुळवलं. म्हाताऱ्यानं चहा पाजला आणि सगळं बिलकुल शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं का, सर?"

"झालं."

"मंग सकाळी किती वाजता येऊ?"

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा दुखरे गुडघे चोळत वळणावर खुर्ची टाकून बसू लागला. सून समोर आली की दरडावायचा, "हात खाली!" पहिल्यांदा ती इतकी दचकली की थांबलीच. त्यावर तो मलाच म्हणाला, "शिट्टी वाजवा की, बघता काय?" मी वाजवली. असं करता करता हात खाली राहायला लागला.

जालन्याला चाचणीच्या दिवशी आम्ही दोघं जाळीबाहेर उभे होतो. ती वळणाकडे निघाली तसा म्हातारा जाळी धरून तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागला, "हात खाली, हात खाली." मीही तेच पुटपुटत होतो. एवढ्या वर्षांच्या पळण्यातून मला दुसरं काही सुचलं नाही. स्वतःच्या कुठल्याच शर्यतीत मी असा घाबरलो नव्हतो. साहेब लोकांसमोरून ती ताठ मानेनं निघून गेली आणि वेळेत बसली.

धापा टाकत ती बाहेर आली. आता पाया पडणार म्हणून मी पाय जुळवून, तोंडावर आशीर्वाद आणून तयार. ती मला ओलांडून सासऱ्यापुढे गेली, आणि तिचा हात आपसूक डोक्याकडे निघाला.

"राहू दे, पोरी. आधी दम घे," म्हातारा म्हणाला, आणि खांद्यावरचं उपरणं काढून त्यानं तिच्या त्या हातात दिलं. "तोंड पूस."