मामांची मालिका आणि बसलेली पंगत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते लातूरच्या माझ्या चुलतमामांचे; आणि लग्नकार्य काढावं तशी दूरदर्शनची मालिका काढणारा निर्माता त्यांच्याशिवाय दुसरा झाला नसेल. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.ए., पण तेव्हा दुष्काळ पडलेला, पदवीला विचारतो कोण? मामांनी विचारलं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. "जिल्हा झाला, कलेक्टर आला, आता आपली शिरियल पायजे," म्हणून त्यांनी कापडाचं दुकान भावावर सोपवलं आणि मला सहायक नेमलं.

निर्मात्यानं कथा निवडायची, पैसा उभा करायचा, माणसं जमवायची आणि सगळं वेळेत पार पाडायचं, असं मुंबईच्या दिग्दर्शकांनी त्यांना समजावलं. मामा म्हणाले, "म्हंजे पोरीच्या बापाचं काम. चार उजवल्यात मी." मग नटांना अक्षता लावून आवतणं गेली. कॅमेरामन गाडीतून उतरला, तर त्या टंचाईतही त्याच्या पायावर तांब्याभर पाणी पडलं. नायक चहावरून रुसला, तेव्हा मामांनी त्याला टॉवेल-टोपीचा आहेर करून जावयासारखा त्याचा रुसवा काढला. दिग्दर्शकांना पहिल्याच दिवशी नायिकेच्या वडिलांचा मृत्यू चित्रित करायचा होता. "लग्नाआधी मयत? माझ्या मांडवात न्हाई चालायचं!" त्यामुळे मरण शेवटच्या संध्याकाळी ढकललं गेलं.

नमुन्याचा पहिला भाग दूरदर्शनच्या साहेबांनी मंजूर केला, तरच पुढची मालिका होणार होती. शेवटच्या दिवशी चाकूरजवळच्या एका खेड्यात लग्नाची पंगत बसवली. पंगतीतल्यांनी दोन घास खायचे, एवढंच दिग्दर्शकांना हवं होतं. पण त्या वर्षी गावात एकही लग्न झालं नव्हतं; मामांनी अख्ख्या गावाचा स्वयंपाक सांगून ठेवला होता.

"कट!" दिग्दर्शक ओरडले. कुणी मान वर केली नाही.

"अहो, पुन्हा पहिल्यापासून खायचंय!"

"खाऊ की बापा," एक आजी म्हणाली, "पर आधी बुंदी वाढा."

"मामा, उठवा यांना. ऊन उतरलं, म्हाताऱ्याचं मरण राहून जाईल."

"भरल्या पानावरनं मानूस उठवू? त्यापरीस म्हातारा जगंना का!"

म्हातारा जगला. म्हणजे तो नट दुसऱ्या पंगतीला मिशी काढून ठेवून जेवायलाच बसला. दुसऱ्या दिवशी मंडळी मुंबईला निघाली. पुढे तिथे जुळवून तयार झालेली रिळं मंजुरीसाठी दाखवायला मामांनी मला मुंबईला धाडलं. तिथून मी त्यांना पत्र लिहिलं:

"तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार. आपला भाग आज पाहिला गेला. मंजूर झाला नाही. कथा अर्धवट आणि जेवणावळ फार लांब, असं साहेब म्हणाले. आजी बुंदी मागते तिथे मात्र तेही हसले. मला बाहेर येऊन रडू आलं. इतक्या विश्वासानं तुम्ही मला पाठवलं होतं. पण गावाला आपण 'तुम्ही पडद्यावर दिसाल' असा शब्द दिला आहे. इथे प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो, चौकशी केली. रिळांचा डबा पार्सलनं टाकवत नाही, मांडीवर घेऊन येतो. दुकानातलं मोठ्या पन्ह्याचं पांढरं कापड काढून ठेवा. आवतण द्यायला मी स्वतः जातो."