चहाचा डाग

आमच्या मामाला राग यायला कारण लागत नसे. पण कारण मिळालंच तर तो त्याचं सोनं करी. शेती खात्याच्या कचेरीत तो नकाशे रंगवायचा. काळ्या जमिनीतला कापूस पिवळा, कालव्याकाठचा ऊस हिरवा, डोंगरउतारावरची कॉफी जांभळी, तंबाखू तपकिरी. कुठे कोणतं बियाणं धाडायचं ते खातं या रंगांवरून ठरवी. त्यामुळे ब्रश हातात घेतला की मामा स्वतःला अर्धा देव समजे, आणि देवाला शोभेल इतका चिडे.

बावीस वर्षांपूर्वी या देवाच्या हातून नकाशावर चहा सांडला. नदीकाठच्या खोलगट पट्ट्यावर थेंब वाळला, छान तपकिरी झाला आणि तसाच छापला गेला. खात्याने तंबाखू समजून तिकडे ट्रकभर रोपं धाडली. तिथल्या चिकण मातीत आठ-आठ दिवस पाणी उभं राहतं. सगळी मुळं कुजली. चूक कुणाची, हे कुणालाच कळलं नव्हतं. मामा आपणहून गेला आणि बांधावर उभं राहून कबूल करून आला. तिथल्या एका म्हातारीने त्याला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "साखर किती घेतोस रे बाबा?"

तो टोमणा जन्माचा लागला. मामाचा चहा सुटला. त्यानंतर कुठलाही पट्टा रंगवण्याआधी तो कुदळ आणि तांब्या घेऊन जाई, हातभर खड्डा खणी, त्यात पाणी ओती आणि ते मुरेपर्यंत घड्याळ बघत बसे. मामी म्हणे, माझ्यासमोर हा माणूस इतका वेळ कधी गप्प बसला नाही. खोलगट पट्ट्यातलं पाणी दुसऱ्या दिवशीही जागचं हललं नाही. तिथे मामाने ताग दाखवला, राखाडी. ताग माणसाच्या डोक्यावर गेला.

मग नवे साहेब आले. तरुण, इस्त्रीचे, चपलेला कधी चिखल न लागलेले. कापसाचं बियाणं जास्त मागवून बसले होते आणि ते खपवायला त्यांना नकाशावर जागा हवी होती. त्यांनी खोलगट पट्ट्यावर बोट ठेवून तो पिवळा करायला सांगितला. मामाने आधी शांतपणे समजावलं. कचेरीतली त्याची ही सर्वात लांब शांतता, साधारण दीड मिनिटाची. कापसाला पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते, इथे बी वर यायच्या आधीच कुजेल, असं सगळं सांगून झालं.

"तिथं पाणी मुरत नाही, साहेब."

"कागदावर मुरतं ना, काका? मग झालं."

दुसऱ्या दिवशी मामाने त्या पट्ट्यातल्या मातीने भरलेली कुंडी साहेबांच्या टेबलावर आणून आदळली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. पाच वाजता साहेब उठले तेव्हाही पाणी काठाशी होतं. साहेबांनी त्यात पेन बुडणार नाही अशा बेताने कुंडी बाजूला सरकवली आणि तो पट्टा कारकुनाकडून रंगवून घेतला. कारकुनाने रंग कडेबाहेर नेला, याचाही मामाला वेगळा राग आला.

नकाशा त्याच संध्याकाळी छापखान्यात जायचा होता. तो गेला नाही, तर नियमाप्रमाणे गेल्या वर्षीचाच लागू राहणार होता. बियाणं तागाचं जाणार की कापसाचं, हे त्यावर ठरायचं होतं.

मामाने शिपायाला हाक मारून चहा मागवला. कचेरी थक्क. बावीस वर्षांनी त्याने कप हातात धरला, चालत टेबलाशी गेला आणि सबंध कप नकाशावर उपडा केला. पिवळा, हिरवा, जांभळा, सगळा प्रदेश एकाच पिकाखाली आला.

साहेब खुर्ची ढकलून नकाशाकडे धावले. मामा खणखणीत आवाजात म्हणाला,

"मागच्या वेळी चुकून सांडला होता, साहेब."

साहेब लेखी जाब मागणारा कागद टाईप करायला सांगत होते, तेवढ्यात मामाने शिपायाकडे दुसरा कप मागितला. पहिल्यातला एक घोटही त्याच्या वाट्याला आला नव्हता.