सहाव्या स्थानावरचा पांढरा टॉवेल

उपवासकाळात आमच्या घरचा खर्च कमी होतो. मटण बंद, गोड बंद, ह्यांचा पानठेल्यावरचा फेरा बंद. जे वाचतं ते ईस्टरआधी चर्चच्या दानपेटीत जातं, दरवर्षीचा नेम आहे. यंदा रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, सिस्टर रोजलिन म्हणाल्या, "मार्थाताई, या वर्षी पैसे पेटीत टाकू नका. तिकीट काढा आणि माझ्यासोबत चला."

सिस्टर धर्मप्रांताच्या समाजसेवेचं काम बघतात. खाणी आणि कारखान्यांच्या गावांत फिरतात, अर्ज करतात, लोकांना ऑफिसात नेतात. छत्तीसगढमधल्या रायगडच्या पलीकडे कोळशाच्या पट्ट्यातल्या एका गावात त्यांना गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी क्रूसाची वाट चालायची होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या सबीनाने सांगितलंय, नाव छापून आलं की लोक विचारपूस करत येतात.

क्रूसाची वाट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. येशूला क्रूसावर नेलं त्या रस्त्यावरचे चौदा प्रसंग, त्यांना आम्ही स्थानं म्हणतो. प्रत्येक स्थानाजवळ थांबून प्रार्थना करायची. चौदाव्या स्थानावर येशूला कबरेत ठेवतात. त्यानंतर गाणं नाही, आशीर्वाद नाही, बोलणं तर नाहीच. मान खाली घालून घरी जायचं. आमच्या भिलाईत चर्चच्या फाटकापर्यंत कसंबसं पाळतात. त्या गावात घराच्या दारातून आत जाईपर्यंत पाळतात.

हे ऐकून आमचे हे म्हणाले, "तिकडं चालली? मले त्या लाईनीचे सारे सिग्नल पाठ आहेत. गाव एकही नाही पाह्यलं." हे मालगाडीचे गार्ड होते. रिटायर होईपर्यंत त्याच पट्ट्यातून कोळशाचे रेक आणले. रिसालीतलं आमचं दोन खोल्यांचं घर त्याच पगारावर उभं आहे.

गुरुवारी सकाळी भिलाई पॉवर हाऊसहून गाडी पकडली. जनरलमध्ये पैसे वाचतात, पण गुडघे वाचत नाहीत, म्हणून स्लीपर काढलं. सोबत खुर्सीपारची स्टेला होती. ती शिलाईचं काम करते आणि जीभही कात्रीसारखीच चालवते. माझी पिशवी बघून म्हणाली, "मार्थाताई, पोळ्या किती बांधल्या? उपास करून राहिल्या का पिकनिकले चालल्या?"

"परतीच्या आहेत. स्टेशनावरचं खाणं परवडते का?"

"अन् हा टॉवेल? नवाकोरा दिसते."

सिस्टरने पांढरा कपडा आणायला सांगितला होता, कशाला ते नाही. घरात पांढरं म्हणजे सणाला काढायचा तो एकच टॉवेल. जुना नेला असता तर बरं, असं मला बिलासपूरपर्यंत वाटत राहिलं.

रायगडला दुपारी उतरलो. स्टेशनाबाहेरून बस मिळते, पण शेवटची चारच्या सुमारास निघते. ती चुकली तर शेअर पिकअपवाले तिप्पट मागतात. जाणाऱ्यांनी स्कार्फ, रुमाल, डोळ्यांचे थेंब जवळ ठेवावेत. शहर संपलं की डंपर सुरू होतात आणि रस्ता दिसत नाही, पुढच्या डंपरचा लाल दिवा तेवढा दिसतो. बसच्या खिडक्या लावल्या तर घाम, उघडल्या तर धूळ. कंडक्टरने तिकिटाचे पैसे झटकून खिशात घातले. स्टेलाही गप्प झाली होती, यावरून काय ते समजा.

सबीनाच्या घरी उतरलो. वय पस्तीसच्या आसपास, नवरा बाहेर कामाला, घरी सासू. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. मी वास घ्यायला ओंजळ भरली तर तळहात काळा झाला. सबीना म्हणाली, "धूळ बसते दीदी. धुवावं तर फूल सडतं, न धुवावं तर व्यापारी भाव पाडतो." ती छत्तीसगढी मिसळलेल्या हिंदीत बोलते, मी मराठीत लिहिते आहे.

अंधार पडायच्या आत ती आम्हाला ढोढीवर घेऊन गेली. ढोढी म्हणजे जमिनीतून आपोआप झिरपणारं पाणी. त्याला साल वृक्षाच्या लाकडाची चौकट बसवलेली, कडा पायांनी आणि घागरींनी गुळगुळीत झालेल्या. गावातल्या हँडपंपांना आता लाल, घाण पाणी येतं. पिण्याचं पाणी म्हणजे हीच. आणि हिच्याच दोन्ही बाजूंना लाल रंग लावलेले खुंटे ठोकले होते. खाणीच्या डंपरांचा नवा रस्ता इथून जाणार, ढोढी मुरुमाखाली जाणार.

सिस्टरने महिनाभर चकरा मारून नायब तहसीलदारांना तयार केलं होतं. ते शुक्रवारी स्वतः जागा बघायला येणार होते. म्हणाले होते, मोजणीचा कागद पुढे पाठवायचा आहे, गावाचं काय म्हणणं ते तिथेच सांगा. म्हणून चौदावं स्थान ढोढीवर ठेवलं होतं. प्रार्थना झाली की सबीना बोलणार. ती सासूसमोर उभी राहून सराव करत होती. सासू दर वाक्याला म्हणायची, "जोरात बोल, साहेब लोकांना कमी ऐकू येतं."

शुक्रवारी सकाळी निघालो. गावचे प्रचारक मतियसबाबा पुढे. फादर नसतील तेव्हा प्रार्थना तेच चालवतात. खांद्यावर साल लाकडाचा क्रूस. पहिलं स्थान शाळेच्या भिंतीशी, तिला खाणीतल्या सुरुंगांनी तडे गेलेत. येशू पहिल्यांदा पडतो ते स्थान डंपरच्या वळणावर. तिथे माणसं पडली आहेत, काही उठली नाहीत. कोणी भाषण केलं नाही. मतियसबाबा फक्त नाव घ्यायचे आणि सगळे गुडघे टेकायचे. माझे गुडघे टेकायचे, पण उठताना स्टेलाचा खांदा लागायचा. रिकाम्या पोटी ऊन जास्त लागतं हे सांगायला नको.

सहाव्या स्थानावर वेरोनिका नावाची बाई येशूचं तोंड पुसते, आणि त्या कपड्यावर त्याचा चेहरा उमटतो. तिथे सिस्टरने माझा टॉवेल मागितला, घागरीतून सोबत आणलेल्या ढोढीच्या पाण्यात भिजवला आणि म्हणाल्या, "एकेकाने तोंड पुसा आणि पुढे द्या." म्हातारे, पोरं, सबीनाची सासू, सगळ्यांनी पुसलं. टॉवेल हातोहात फिरत माझ्याकडे परत आला. त्यावर गालांचे, कपाळांचे काळे डाग, एकावर एक.

तो काळा मी ओळखला. गार्डचा युनिफॉर्म पांढरा असतो. ह्यांच्या कॉलरवरून, बाह्यांवरून हाच काळा मी वर्षानुवर्षं घासून काढला. धुण्याचा सोडा, गरम पाणी, मग लिंबू. तेव्हा वाटायचं, हा रेल्वेचा मळ आहे. मी पण त्याच टॉवेलने तोंड पुसलं.

ढोढीवर पोचलो तेव्हा जीप उभी होती. नायब तहसीलदार तरुण होते. लोकांकडे बघून त्यांनी बूट काढले आणि सावलीत हात जोडून उभे राहिले. त्याच वेळी मागे एका म्हातारीला चक्कर आली. सिस्टर तिला घेऊन घराकडे गेल्या. मतियसबाबांनी चौदावं स्थान म्हटलं, क्रूस पाण्याच्या कडेला आडवा ठेवला. सगळे बराच वेळ गुडघ्यांवर. मग बाबा उठले, मान खाली घातली आणि चालू लागले.

त्यांच्यामागे सगळे. सबीनाही उठली. तिने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा बाबांच्या पाठीकडे, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि रांगेत लागली. मी आणि स्टेला तिच्या मागे.

"प्रार्थना हो गई?" साहेबांनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. "किसी को कुछ बोलना है?" सगळं गाव त्यांच्या समोरून खाली मान घालून गेलं. मागे जीप सुरू झाल्याचा आवाज आला. तरीही कोणी वळलं नाही. येशूला नुकतं कबरेत ठेवलेलं, त्यावर कोण बोलणार?

सबीनाच्या दारातून आत आलो तर सिस्टर म्हातारीला पेज पाजत होत्या. त्यांनी विचारलं, "सबीना, बोललीस ना नीट?"

सबीना तिथेच उंबऱ्यावर बसली. सासूने कपाळावर हात मारला. स्टेला म्हणाली, "सिस्टर, साऱ्या जगात साहेबासमोर गप्प राहाले लाच घेतात. आमी फुकटात राहिलो."  आधी सासू हसली, मग सगळ्याच, रडू यावं तशा.

शनिवार-रविवार ऑफिस बंद. कागद आजच पुढे गेला तर सोमवारी कोणाला काय सांगणार? ओळखीचा पिकअप मिळाला, डिझेलचे पैसे मी उपवासकाळाच्या बचतीतून दिले. तहसील फार दूर नाही, पण डंपरांची रांग लागली होती. एका जागी इतका वेळ उभे होतो की ड्रायव्हर झोपून गेला.  कालचा सराव सबीनाच्या ओठांवर हलत होता, आवाज नव्हता. मी रोजरी, म्हणजे आमची जपमाळ, काढली, पण खोकल्यामुळे प्रार्थना पुरी होईना.

पोचलो तेव्हा साहेब जीपमध्ये बसत होते. सिस्टर पुढे झाल्या. साहेब चिडले नव्हते, थकले होते, आमच्यासारखेच. म्हणाले, "सिस्टर, मैं खड़ा था, सामने खड़ा था। मैंने पूछा भी। अब लिख दिया कि किसी की आपत्ति नहीं।"

सबीनाने माझ्या हातातली पिशवी ओढली, टॉवेल काढला आणि जीपच्या बॉनेटवर पसरला. "साहेब, हे आमचं तोंड आहे," ती म्हणाली. "सकाळी ते बंद राहिलं, म्हणून हे पुसलेलं घेऊन आले."

साहेबांनी टॉवेल पाहिला. बोट लावून पाहिलं. मग विचारलं, "बोलीं क्यों नहीं?"

सिस्टर समजावायला लागल्या, चौदावं स्थान, मौन, परंपरा. साहेबांचा चेहरा कोराच. त्यांनी घड्याळ पाहिलं, जरा विचार केला आणि म्हणाले कागद अजून टेबलावर आहे, आपण तो थांबवून ठेवू, पण पुन्हा जागेवर येऊन गावाचं म्हणणं लिहावं लागेल. "फिर आऊँगा और आप लोग फिर चुप, तो?"

तेव्हा सबीना तिच्या बोलीत म्हणाली, आणि हे मी तिच्याच शब्दांत लिहिते: "साहब, ईस्टर म आवव। ओ दिन हमन चुप नइ रहन।" म्हणजे, ईस्टरला या, येशू कबरेतून उठतो त्या दिवशी आम्ही गप्प राहत नाही.

शनिवारी परत निघालो. पोळ्या कडक झाल्या होत्या, तशाच खाल्ल्या. स्टेलाने दोन खाल्ल्या आणि पिकनिकचं नाव काढलं नाही. पॉवर हाऊसला उतरलो तेव्हा पायात चपला मावत नव्हत्या. सुपेल्यापर्यंत शेअर ऑटो, तिथून दुसरा. कोणी जाणार असेल तर एक दिवस जास्त धरून जा, आणि पांढरं काही नेऊ नका.

ह्यांनी दार उघडलं. टॉवेल हातात घेतला, खिडकीशी नेऊन पाहिला.  मग म्हणाले, "हा तर आपल्या घरचाच काळा आहे वं."

"हाव," मी म्हटलं.

"ते लोक तिथं राहून राहिले, अन् मी समजत होतो का आडरान आहे. डब्यातून हिरवा झेंडा दाखवून निघून जात होतो."

ईस्टरला मिस्साहून आले, शेवया शिजत होत्या, तर सबीनाचा फोन. तिचं बोलणंच कळेना, मागे इतका गोंधळ. ढोल वाजत होता. साहेब आले होते, सोबत मोजणीवाला. सबीनाने तोंड उघडायच्या आधीच मतियसबाबा बोलायला लागले होते आणि आता थांबत नव्हते. साहेब सारखे म्हणत होते, "एक-एक करके, बाबा, एक-एक करके." मग बाबांना बाजूला करून सबीना बोलली. फोन चालूच होता, मी ऐकलं. सासूने शिकवलं तसं, जोरात.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. ढोढीजवळचे खुंटे मात्र अजून तिथेच आहेत. रस्ता वळवायचा की नाही ते वरचे ठरवणार. सबीना रोज पाणी भरायला जाते तेव्हा बघून येते आणि रविवारी मला सांगते, आहेत म्हणून. या प्रवासाचं काय हाती आलं असं कोणी विचारलं तर माझ्याकडे इतकंच आहे, आणि गुडघ्यांची सूज.

टॉवेल बाथरूमच्या खुंटीवर आहे. परवा ह्यांनी विचारलं, "कावून धुवून नाही राहिली? सोडा आहे, लिंबू आहे. तुले तर येते काढता."

येतं. माझ्याइतकं कोणाला येतं! पण मी म्हटलं, "रस्त्याचं ठरू द्या. मग धुते."